भिंतीवरच्या तीन काचा

आमच्या घराला नोटीस आली त्या दिवशी मी कॉलेजातून जरा लवकर परतलो होतो. ‘आमच्या घराला’ असं लिहितो आहे, पण ते घर माझं नव्हतं. नगरच्या जुन्या पेठेतल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर मला एक खोली भाड्याने मिळाली होती, एवढंच. पण दीड वर्ष राहिलं की माणूस घराला आपलं म्हणायला लागतो. निदान मी तरी लागलो होतो.

घर दुमजली. जोत्यापर्यंत दगड, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तक्तपोशी आणि पत्रे. मालकीणबाई खालच्या पुढच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. पन्नाशीच्या असतील. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची म्हणून मीही काकू म्हणायचो. मागच्या बाजूला प्राथमिक शाळेतले एक मास्तर आणि त्यांची बायको. मास्तर संध्याकाळी ओसरीवर शिकवण्या घ्यायचे. वर मी. माझ्या शेजारी आणखी एक खोली होती, पण तिची तुळई खचल्यापासून तिला कुलूपच होतं.

नोटीस दाराला डकवून गेले होते. काकूंनी ती खळ ओली असतानाच सोलून काढली होती आणि पापड वाळत घालावा तशी पाटावर पसरून ठेवली होती.

“आलास? ये, वाच बरं ही,” काकू म्हणाल्या. “मास्तरांनी वाचली, पण ते मधे मधे स्वतःचंच घालतात.”

“मी काही घालत नाही,” मास्तर म्हणाले. “नियम आहे तेवढा सांगतो.”

मी पाटापाशी उकिडवा बसून वाचायला लागलो. ‘सदरहू इमारत’, ‘मोडकळीस आलेली’, ‘मनुष्यवस्तीस धोकादायक’, ‘मुदतीत खाली करून पाडून टाकावी अथवा’. त्या ‘अथवा’च्या पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं, तरी धड कळलं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजोबा अंगठा करायचे, वडील सही करतात. त्यामुळे मला कुठलाही कागद कळतो असा लोकांचा समज होता, आणि तो मोडायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

“अथवा दुरुस्ती करावी, असं आहे बहुतेक,” मी म्हणालो.

“बहुतेक?” काकू म्हणाल्या. “अरे, सायन्सला आहेस ना तू?”

मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं. पण त्या कागदात माझं काय आहे ते मला स्पष्ट दिसत होतं.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. दुष्काळ चालू होता. घरची सगळी माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होती. तशातही मी नगरला राहून शिकत होतो, ते केवळ काकूंची खोली परवडत होती म्हणून. जूनमध्ये मला एसटीत बसवताना वडील, म्हणजे आम्ही त्यांना दादा म्हणतो, म्हणाले होते, “काकूंची खोली हाय म्हनून जमतंय बाबा. ती गेली तर दुसरी हुडकत बसू नगंस. सरळ घरी ये. पानीपाऊस झाल्यावर बगू फुडचं.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. होतं ते सांगितलं होतं. म्हणजे हे घर खाली झालं की माझं कॉलेज संपलं.

घर इतकं कसं खराब झालं, हे तेव्हा मला कोडंच होतं. आता थोडं कळतं असं वाटतं. काकू म्हणायच्या, कायद्याने भाडं वाढवता येत नाही, मी दुरुस्ती कशातून करू? भाडेकरू म्हणायचे, मालकीण तुम्ही, आम्ही का करू? हे तर होतंच. पण त्याहून मोठी गोष्ट होती ती मास्तरांचा नियम. नियम मास्तरांनी केलेला नव्हता, पण सांगायचे तेच. भिंतीला हात लावला की ते नवीन बांधकाम झालं. नवीन बांधकाम म्हटलं की नकाशा आला. नकाशा आला की रस्त्याच्या रेषेपासून चार फूट मागे सरायचं. आणि चार फूट मागे सरायचं म्हणजे काकूंची पुढची खोली रस्त्यात गेली.

“एक थापी गिलावा मारा, की गेलीच तुमची खोली,” मास्तर म्हणायचे.

हे आमच्याच घरापुरतं नव्हतं. सगळ्या गल्लीची तशी पक्की समजूत होती. त्यामुळे कुणीच कशाला हात लावत नसे. गिलावा पडला की लोक त्यावर कॅलेंडर लावायचे. आमच्या गल्लीत कॅलेंडरं फार होती, आणि त्यातली निम्मी कितीतरी वर्षांपूर्वीची. वर्ष संपलं तरी काढता यायची नाहीत, कारण मागचं भोक उघडं पडलं असतं. काकूंच्या स्वयंपाकघरात तर शेजारी शेजारी चार वर्षं टांगलेली होती.

गणपती उठले आणि त्या आठवड्यात पालिकेचे ओव्हरसियर आले. सायकलवरून आले. डोक्याला टोपी, खिशात फुटपट्टी, हातात एक पत्र्याची पेटी. माझ्या मनात साहेबाचं जे चित्र होतं त्यात ते कुठेच बसत नव्हते. पेटी खाली ठेवून त्यांनी आधी काकूंकडे पाणी मागितलं, आणि पाण्याची टंचाई आहे म्हणून अर्धाच तांब्या द्या म्हणाले. त्यानंतर घरभर फिरले आणि शेवटी माझ्या खोलीत आले.

माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली जमिनीपर्यंत एक भेग होती. उन्हाळ्यात ती वाढली होती. ओव्हरसियर तिच्यापुढे बसले, त्यात बोट घालून पाहिलं आणि आतून एक पेन्सिल बाहेर काढली.

“ही कुणाची?”

“माझी,” मी म्हणालो. “मी तिथे ठेवतो. सापडते लगेच.”

काकूंनी कपाळाला हात लावला. ओव्हरसियरांनी मात्र पेन्सिल पुसून मला परत दिली आणि म्हणाले, “आता दुसरी जागा बघा.”

मग त्यांनी आम्हाला नीट बसवून सांगितलं. आमच्या घराखाली काळी माती आहे. पाऊस नाही, त्यामुळे ती सुकली, आकसली, आणि या कोपऱ्याचा पाया बसला. तो बसायचा तेवढा बसून थांबलाय, की अजून बसतोय, ते नुसतं बघून कळत नाही. म्हणून त्यांनी पेटीतून काचेच्या तीन पातळ पट्ट्या काढल्या. बोटभर रुंद, वीतभर लांब. भेगेवर आडव्या धरून दोन्ही टोकांना सिमेंट लावून चिकटवल्या. एक वर, एक मधे, एक खाली. प्रत्येकीशेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. पेन्सिल माझीच घेतली.

“भिंत केसभर हलली तरी ही काच तडकते,” ते म्हणाले. “महिन्याने येतो. तिन्ही शाबूत असल्या तर दुरुस्तीवर भागेल. एखादी तुटली असली तर मात्र घर खाली करावं लागेल. मग माझ्या हातात काही राहत नाही, काकू.”

ते गेल्यावर कितीतरी वेळ आम्ही चौघं त्या काचांकडे बघत उभे होतो. मास्तर हळू आवाजात म्हणाले, “सगळे एकाच खोलीत कशाला उभे राहिलो आपण? वजन पडतंय.” आणि आम्ही एकेक करून पायांचा आवाज न करता खाली उतरलो.

त्या दिवसांची आठवण आली की मला अजून हसू येतं. घरात एखादं लहान बाळ झोपलेलं असावं तसे आम्ही वागत होतो. काकूंचा खलबत्ता मागच्या अंगणात त्याच भिंतीच्या पायथ्याशी असायचा. तो त्यांनी उचलून पार रस्त्याकडच्या ओट्यावर नेला आणि तिथे बसून लसूण कुटायला लागल्या. येणारे-जाणारे विचारायचे, काकू, बाहेर का? तर म्हणायच्या, “आत काच आहे.” यापुढे काहीच सांगत नसत. मास्तरीणबाईंनी कपडे आपटून धुणं सोडलं. मी जिना चवड्यांवर चढायला शिकलो. पुस्तकं एकदम टेबलावर टाकायची सवय होती, ती गेली.

सगळ्यात पंचाईत झाली मास्तरांची. शिकवणीला येणारी दहाबारा मुलं एका सुरात पाढे म्हणायची आणि आवाज पार गल्लीच्या टोकाला जायचा. मास्तरांनी त्यांना कुजबुजत पाढे म्हणायला लावले. बारा मुलं कुजबुजत एकोणतीसचा पाढा म्हणतायत, हे ज्याने ऐकलेलं नाही त्याला मी ते कसं सांगू? गंमत म्हणजे मास्तर म्हणायचे, हळू म्हटल्याने मुलांचं चुकणं कमी झालं.

सकाळी खाली उतरलो की कुणी चहा झाला का विचारत नसे. “काच कशी आहे?” हाच प्रश्न. मी म्हणायचो, “तिन्ही ठीक.” मग काकू देवाला फूल घालायच्या. एकदा मी गमतीने, “मधलीला जरा कणकण आहे,” म्हणालो, तर त्यांच्या हातून तबकच निसटलं. पुन्हा तसली गंमत केली नाही.

पितृपक्षात आजोबांचं पितर होतं, म्हणून मी दोन दिवस गावी गेलो. जाताना किल्ली काकूंकडे ठेवली. काचांकडे लक्ष द्या म्हणून सांगितलं. गावाकडे दादांना नोटिशीचं काही बोललो नाही. ते दिवसभर उन्हात खडी फोडून आले होते आणि माझ्याकडे बघून खूश होते. मला जमलं नाही.

सोमवारी परत आलो, जिना चढलो, दार उघडलं आणि क्षणभर मला वाटलं मी दुसऱ्याच घरात आलो. खोली पांढरीशुभ्र झाली होती. चारी भिंतींना चुना. पोपडे काढून जमीन सारवलेली. माझी पुस्तकं पुसून उंचीप्रमाणे लावलेली, म्हणजे फिजिक्सच्या मधे मराठीचं. आणि मागच्या भिंतीवर भेग नाही. काचाही नाहीत.

मी जिन्यावरून धावतच खाली आलो. चवड्यांवर चालायचं तेव्हा लक्षात राहिलं नाही.

“काकू, काचा?”

“आवडली का खोली?” काकू म्हणाल्या. त्यांच्या हाताला अजून चुना होता. “घट बसायचे आता. सगळं घर स्वच्छ झालं आणि तुझीच खोली तशी ठेवायची? तू एवढं आमच्यासाठी कागद वाचतोस, म्हटलं पोराची खोली करून टाकू. मास्तरीणबाईंनी भेग लिंपली, मी चुना दिला. दोन हात दिलेत.”

“पण काचा झाकल्या गेल्या की हो! ध्यानात आलं नाही का?”

“मी विसरलेच बघा,” मास्तरीणबाई म्हणाल्या आणि रडवेल्या झाल्या. “भिंत दिसली की हात चालतोच माझा.”

“मी नाही विसरले,” काकू म्हणाल्या. “मी मुद्दाम दिला. काच दिसलीच नाही, तर तुटली म्हणून कोण म्हणेल?”

मास्तर शाळेतून आले तेव्हा आम्ही तिघं ओसरीवर बसलो होतो. त्यांनी वर जाऊन पाहिलं, खाली आले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. “नोटीस लागू असताना भिंतीला हात लावला,” ते म्हणाले. “आता नुसतं घर नाही, दावासुद्धा होईल.” मग बायकोकडे बघितलं. “चुना मात्र छान बसलाय.”

मला दोन दिवस अभ्यास सुचला नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर पालिकेत गेलो. सरकारी कचेरीत आपण होऊन जायची ती माझी पहिलीच वेळ. ओव्हरसियरांना आधीच खरं सांगून टाकावं असं ठरवलं होतं. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. पण ते बाहेर पाहणीला गेले होते. तिथल्या कारकुनांनी मला बाकावर बसायला सांगितलं, आणि माझ्या हातातली वही बघून म्हणाले, “कॉलेजात का? मग बसल्या बसल्या हे वाचा.” आणि बांधकामाच्या नियमांचं एक मळकं पुस्तक पुढे सरकवलं. मला वाटतं त्यांनी ते सहज दिलं असावं. पण माझ्या मनात आजवर त्यांच्याबद्दल माया आहे.

मी पहिल्या पानापासून वाचत गेलो. खिडकी किती मोठी हवी, खोली किती उंच हवी, संडास विहिरीपासून किती लांब हवा. भाषा नोटिशीसारखीच अवघड होती, पण इथे मला कुणी बघत नव्हतं, त्यामुळे न कळलेलं वाक्य पाच वेळा वाचायची सोय होती. हळूहळू मला ते पुस्तक आवडायलाच लागलं. कुणीतरी बसून, माणसांना उजेड मिळावा, वारा मिळावा, घाण पाण्यात जाऊ नये याचा विचार केला होता. मास्तरांचे चार फूटही त्यात होते. मास्तर खोटं बोलत नव्हते. पण ती अट घर पाडून पुन्हा बांधणाऱ्यासाठी होती. त्याच्या दोन पानं पुढे आणखी एक कलम होतं. गिलावा करणे, चुना देणे, भेगा बुजवणे, कौलं-पत्रे बदलणे, कुजलेलं लाकूड काढून त्याच जागी तेवढंच लाकूड बसवणे, याला परवानगी लागत नाही.

मी ते कलम वहीत उतरवून घेतलं. मग खात्री वाटेना म्हणून पुन्हा ताडून पाहिलं. इतकी वर्षं सगळी गल्ली दोन पानं अलीकडेच थांबली होती.

घरी येऊन ओसरीवर मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. मास्तरांनी माझ्या हातातून वही घेतली.

“कुठल्या पानावर?”

मी पान सांगितलं.

“छापील होतं?”

“छापील होतं, मास्तर.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. “म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातली ती चार वर्षं उगाच टांगली होती का हो?” त्या म्हणाल्या. मास्तरांनी वही मिटली. आणि मग तेच आधी हसायला लागले. इतके हसले की शिकवणीची मुलं पाढा सोडून बघत राहिली.

तरी काचांचा प्रश्न सुटलेला नव्हता. चुना देणं गुन्हा नव्हता, पण भिंत थांबली आहे हे दाखवायला आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

दसरा झाला आणि ओव्हरसियर आले. आम्ही चौघंही त्यांच्यामागून वर गेलो. वजनाचं कुणी काढलं नाही. ते भिंतीपुढे उभे राहिले आणि आमच्याकडे वळून बघायला लागले.

“काचा कुठायत?”

“आहेत की,” काकू म्हणाल्या. “आत आहेत.”

मी पाठ केलेलं वाक्य आठवायला लागलो. ते आलं नाही. “साहेब, मी गावाला गेलो होतो,” मी म्हणालो. “भेग भरली आणि चुना दिला. वाईट हेतू नव्हता. म्हणजे, थोडा होता. पण कलमात चुन्याला परवानगी...”

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्यांनी खिडकीची दोन्ही दारं उघडली, भिंतीला गाल लावल्यासारखे उभे राहिले आणि उजेडात तिरप्या नजरेने वरपासून खालपर्यंत पाहत गेले. मग तळहात फिरवला. मग पुन्हा पाहिलं.

“चुना कधी दिला?”

“पितृपक्षात.”

“आणि भेगेत काय भरलं?”

“माती, शेण आणि बारीक भुसा,” मास्तरीणबाई दाराआडून म्हणाल्या. “वर हाताने घोटून घेतलं.”

ओव्हरसियर मागे सरले. “हे बघा. इतक्या दिवसांत या चुन्यावर केसासारखी रेघ नाही. भिंत जरा जरी सरकली असती, तर काचेच्या आधी चुना फुटला असता. मी भिंतीला तीन ठिकाणी विचारलं होतं, तुम्ही भिंतभर विचारलंत.” ते हसले. “मी उगाच सिमेंट घालवलं.”

काकूंनी खाली बसूनच घेतलं. पण ओव्हरसियरांनी पेटीतून एक छापील कागद काढला. “मला पटलं. पण इथे रकाना काचेचाच आहे. चुन्याचा नाही. काच डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी शाबूत लिहू शकत नाही.”

काकूंनी खालून उलथनं आणलं आणि ते माझ्याच हातात दिलं. “तुझी खोली, तूच खरवड.” मी वरच्या जागेपासून सुरुवात केली. माझ्याच हातून काच फुटेल असं वाटत होतं. चुना निघाला, सिमेंटचा ठिपका लागला, मग काच चमकली. सलग होती. मधली काढली. तीही सलग. खालची खरवडायला लागलो. चुना निघाला, सिमेंट लागलं. काच नव्हती.

मी आणखी खरवडलं. नुसतं लिंपण.

“ती माझ्याकडे आहे,” मास्तरीणबाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. “सिमेंट सुटलं होतं एका बाजूचं. लिंपताना हात अडकत होता. कुणाचा हात कापेल म्हणून काढून ठेवली.” त्या खाली गेल्या आणि कुंकवाच्या डबीखालून ती काच घेऊन आल्या. धुतलेली, पुसलेली, कडेला कापूस गुंडाळलेली.

ओव्हरसियरांनी ती उजेडात धरली, उलटसुलट केली. “ही तुटलेली नाही,” ते गंभीरपणे म्हणाले. “हिचं स्थलांतर झालं आहे.” आणि कागदावर लिहायला लागले. काय लिहिलं ते त्यांनी मोठ्याने वाचलं. दोन काचा जागेवर शाबूत, तिसरी साफसफाईत निघाली, शाबूत. इमारत स्थिर. दिवाळीपूर्वी भिंतीचा पायथा व तुळई दुरुस्त करावी.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहायला गेलो तर जास्त होईल. मी उलथनं धुवायला खाली गेलो आणि बराच वेळ धूत बसलो.

आता दुरुस्ती करायची, तर करणारा मिळेना. सिमेंट परमिटवर मिळायचं. शिवाय ओव्हरसियर बजावून गेले होते की मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका, माती आत घुसमटून सडते. नगरमधले गवंडी मातीचं काम म्हटलं की तोंड फिरवायचे. मला माहीत होतं की हे काम कुणाला येतं. पण सांगायला मी तीन दिवस लावले. दीड वर्ष मी गावाकडे ‘नगरची खोली’ एवढंच म्हणत होतो, ती मातीची आहे हे सांगितलं नव्हतं, आणि मुंडाशातल्या दादांना कॉलेजजवळच्या गल्लीत आणायला मला संकोच वाटत होता. हे लिहिताना आज मला वाईट वाटतं, पण तेव्हा तसं होतं. शेवटी पोस्टकार्ड टाकलं. त्यात नोटिशीचंही सगळं लिहिलं.

दादा चुलत्यांना घेऊन चौथ्या दिवशी एसटीने आले. खडीच्या कामावर आठ दिवसांचा खाडा घालून आले होते. खांद्यावरच्या पिशवीत थापी आणि ओळंबा. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

“आरं, ही तर आपल्या घरावानी हाय!” ते म्हणाले. “मला वाटलं सिमिटाची आसंल. अन् हिला धोक्याची कोन म्हनतं?”

“पालिका म्हणते,” काकू म्हणाल्या. “तुम्हाला येतं ना हे काम?”

“ताई, दर वर्साला हेच करतो आमी,” दादा म्हणाले. “फकस्त आमाला नोटीस येत न्हाई.”

काकू खळखळून हसल्या. दीड वर्षात त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

बंद खोलीत पडझडीची माती साठली होती, तीच चाळून घ्यायची ठरली. “जुनी पांढरी लई गुनाची आसती,” चुलते म्हणाले. पाण्याची मात्र अडचण होती. प्यायलाच पुरत नव्हतं, तर चिखल कशाचा करणार? तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आंघोळीचं, भांड्यांचं उरलेलं पाणी बादल्यांनी आणून द्यायला सुरुवात केली. प्रत्येक बादलीबरोबर एक प्रश्न यायचा, “खरंच परवानगी लागत नाही?” मास्तर दारात खुर्ची टाकून बसले होते. ते माझ्या वहीतलं कलम वाचून दाखवायचे. चार दिवसांत ते त्यांना पाठ झालं. मग धोतर वर खोचून तेही चिखल तुडवायला उतरले आणि तुडवता तुडवता ते कलम सुरावर म्हणायला लागले.

“मास्तर, पाय उचला, नुसतं तोंड नगा उचलू,” चुलते म्हणाले.

मी सकाळी कॉलेजला जायचो आणि दुपारी येऊन चिखलाच्या पाट्या उचलायचो. पायथ्याचे सुटे दगड पुन्हा बसले, कुजक्या तुळईच्या जागी तेवढीच दुसरी आली. संध्याकाळी अंगणात सगळ्यांची पंगत व्हायची. काकू दादांना आग्रहाने वाढायच्या आणि दादा प्रत्येक वेळी “बास, बास” म्हणत ताट पुढेच करायचे. मला वाटायचं, माझा तो संकोच उगाच होता. गल्लीतलं कुणी त्यांच्या मुंडाशाकडे बघतच नव्हतं. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते.

सातव्या दिवशी सकाळी ओव्हरसियर आले. ओळंबा लावून भिंत पाहिली, तुळईखाली उभे राहून वर पाहिलं, आणि कागदावर सही केली. मग कागद काकूंच्या हातात दिला आणि दादांना म्हणाले, “पाव्हणं, आज जाणार का गावी?”

“जानार. का वो साहेब?”

“पुढच्या गल्लीत अशीच एक भिंत आहे. घरातली माणसं घाबरलीत. तुम्ही नुसती बघून सांगितलं असतं तर...”

दादांनी हात धुतले, थापी पिशवीत घातली आणि त्यांच्याबरोबर निघाले. मीही वह्या घेऊन निघालो. कोपऱ्यापर्यंत आम्ही तिघं बरोबर चाललो होतो. ओव्हरसियर सायकल हातात धरून दादांना विचारत होते की भुसा किती घालायचा. वळणावर दादा थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

“तू कुटं निगालास आमच्यासंगं?”

“कॉलेजला,” मी म्हणालो. “प्रॅक्टिकल आहे.”

“मग जा की बिगी बिगी,” दादा म्हणाले. “उशीर हुईल.”